मामापाशी ठेवलेला आकडा

तीर्थस्वरूप मामास,

भाचीचा नमस्कार. पुरता वाकून घालायचा होता, पण गेल्या आठवड्यापासून कंबर धरली आहे, तेव्हा जेवढा वाकला तेवढा गोड मानून घे. (आई असती तर म्हणाली असती, वडिलांना तीर्थरूप, मामाला तीर्थस्वरूप, आणि पत्रात 'तुम्ही' लिहायचं. यातलं पहिलं पाळलं आहे. दुसरं जमणार नाही. तुला 'तुम्ही' म्हटलं की मी तुझ्या दुकानात चष्मा करायला आलेलं गिऱ्हाईक आहे असं वाटायला लागतं.) तुझा गुडघा कसा आहे? डोळ्याचं ऑपरेशन अजून पुढे ढकलतो आहेस असं तुझी सून, आमची वहिनी, म्हणाली. जन्मभर सगळ्या गावाच्या डोळ्यांना नंबर दिलेस आणि स्वतःची पाळी आली तर तुला डॉक्टर कोवळा वाटतो, त्याला दाढी येऊ दे म्हणतोस. अशाने दाढी आलेली तुला दिसणार तरी कशी? इकडे मी ठीक आहे. कंबर सोडली तर बाकी सगळं जागच्या जागी आहे, आणि कंबरही तशी जागच्या जागीच आहे, तिथून हलत नाही एवढीच तक्रार.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन केले होते रे. मी नुसतं 'आकडा' म्हटलं की तू 'राँग नंबर' म्हणतोस आणि ठेवून देतोस. सख्ख्या भाचीला! परवा तर मी आकड्याचं नावही काढलं नव्हतं, 'आज किती थंडी आहे' एवढंच विचारत होते, तर 'किती' या शब्दावर तू फोन ठेवलास. पत्राचं बरं असतं. ते मधेच ठेवून दिलं तरी लिहिणाऱ्याला कळत नाही, आणि त्याचं समाधान अबाधित राहतं. तेव्हा आता सगळं पहिल्यापासून सांगते. तुला यातलं अर्धं माहीत आहे हे मला ठाऊक आहे, पण तू ज्या अर्ध्यावर अडून बसला आहेस ते नेमकं दुसरं अर्धं आहे.

तुझ्या दुकानात डोळे तपासायचे दोन तक्ते असायचे, आठवतं? बाकावर बसलेली माणसं पुढच्याचं ऐकून अक्षरं पाठ करायची. कुणाला गाडीचा परवाना हवा असायचा, कुणाला मुलीकडच्यांसमोर बिनचष्म्याचं जायचं असायचं. मग तू गप्पा मारता मारता हळूच तक्ता बदलायचास, आणि समोरचा बिचारा कोऱ्या आत्मविश्वासाने भलतीच अक्षरं म्हणून दाखवायचा. आमच्या धंद्यात पाठ करणारा माणूस आणि तपासणारा माणूस एकच असतो, हाच घोटाळा आहे. विश्व किती वेगाने फुगतं आहे ते आम्ही मोजतो, आणि प्रत्येकाच्या मनात एक आवडतं उत्तर आधीच असतं. हिशोब त्या उत्तराच्या जवळ आला की माणूस चुका शोधायचं थांबवतो. म्हणून आम्ही आमच्याच मोजमापांत आधी मुद्दाम भेसळ करून ठेवतो. किती भेसळ केली ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नसतं. डोळ्यांवर पट्टी बांधून सगळं काम पुरं करायचं, मग पट्टी सोडायची, भेसळ काढून टाकायची आणि जे उत्तर निघेल ते मुकाट्याने छापायचं. माझ्या आयुष्यात मी तीनदा अशी पट्टी सोडलेली पाहिली आहे. हा शहाणपणा आम्ही आकाशापुरता ठेवला असता तर तुझी झोपमोड झाली नसती.

पण विद्यापीठाने एक नवीन कचेरी उघडली. संशोधनाचा समाजावर काय प्रभाव पडतो ते तपासायची. तिथे एक गोड, हसतमुख मुलगी आहे, तिला आम्ही प्रभावताई म्हणतो. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, विश्वाच्या प्रसरणाचा इथल्या रहिवाशांना काय फायदा झाला ते उदाहरणांसह सांगा. सर म्हणाले, अजून झालेला नाही, पण घाई काय आहे. (सर म्हणजे आमचे म्हातारे प्राध्यापक, ज्यांच्या हाताखाली मी शिकले आणि नंतर ज्यांच्या शेजारच्या खोलीत बसून म्हातारी होत चालले.) प्रभावताईने ते लिहून घेतलं! मग तिची नजर आमच्या खुल्या संध्याकाळींवर पडली. दर शुक्रवारी गच्चीवरचा घुमट आम्ही सगळ्यांसाठी उघडतो, जुन्या दुर्बिणीतून जे दिसेल ते दाखवतो. माणसं लोखंडी जिन्यावर रांग लावतात, स्टुलावर चढतात, शनी बघतात आणि म्हणतात, 'एवढंच?' काही जण दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघतात की चित्र चिकटवलं आहे का. ताई म्हणाली, हाच तर प्रभाव! फक्त तो मोजून द्या. येणाऱ्या प्रत्येकाला कार्ड द्यायचं, 'इथे येऊन तुम्हाला किती समाधान वाटलं, शून्य ते दहा.' वर्षभराची कार्डं जमवून अहवाल द्यायचा. अहवाल बरा आला तर संध्याकाळी चालू राहतील. नाही आला, किंवा आलाच नाही, तर घुमट खाली करून तिथे नेतृत्वविकासाचं केंद्र होणार. (गोल खोलीत नेतृत्व चांगलं विकसतं म्हणे.)

आता कुठल्याही शहाण्या माणसाने कार्डं मोजली असती, सरासरी काढली असती आणि कागद देऊन चहा प्यायला गेला असता. आम्ही सभा घेतली. सर म्हणाले, या अहवालात आपला स्वार्थ आहे, उत्तर काय यावं हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणजे आपण लबाडी करणार. मुद्दाम नाही, पण करणार. तेव्हा पट्टी बांधा. आमचा संख्याशास्त्रज्ञ आहे (त्याला आम्ही सगळे 'सरासरी' म्हणतो, आता तो रागावणंही सरासरीच रागावतो), त्याने तिथल्या तिथे संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला. एक गुप्त आकडा घालायचा, कितीही लांब. त्या आकड्यावरून यंत्र प्रत्येक कार्डात आणि दर शुक्रवारच्या गर्दीच्या मोजणीत वेगवेगळी भेसळ करणार, आणि तोच आकडा पुन्हा घातल्याशिवाय ती निघणार नाही. आकडा यंत्र साठवून ठेवणार नाही. तो एका माणसाच्या डोक्यात राहील. त्या माणसाला विद्यापीठाचा ना फायदा, ना तोटा. सरांनी विचारलं, असा कोण आहे? सरासरीने सासूबाईंचं नाव घेतलं आणि लगेच मागे घेतलं. आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं.

मामा, मी शुद्धीवर नव्हते. आपल्या घराण्यात गुपित सांगायला कुणीही चालेल, फक्त तू नको, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. धाकट्या मावशीचं लग्न ठरल्याचं मावशीच्या आधी दूधवाल्याला कळलं होतं. माझा परीक्षेचा निकाल तू मला सांगायच्या आधी दुकानातल्या सहा गिऱ्हाइकांना सांगितला होतास, आणि त्यातल्या एकाने घरी येऊन माझ्याकडे पेढे मागितले तेव्हा मी पास झाल्याचं मला समजलं. आई म्हणायची, याच्या पोटात दोन गोष्टी टिकत नाहीत, एक गुपित आणि दुसरं पित्त. पण नाव निघून गेलं खरं. आणि सरांनी मान डोलवली.

मग तो दिवस. मी आणि सरासरी यंत्र घेऊन तुझ्या दुकानात आलो. मी किती वर्षांनी आत पाऊल टाकत होते! लोखंडी पायटेकणाची ती खुर्ची तशीच होती. मखमलीच्या खाचांत उभ्या केलेल्या भिंगांची पेटीही तशीच, दोन खाचा रिकाम्या. (त्या दोन भिंगांचं काय झालं ते तुला आणि मला माहीत आहे. त्यांचीच आपण पहिली दुर्बीण केली होती, पडद्याच्या नळीत घालून, आणि तिच्यातून समोरच्या गच्चीवरचे कपडे उलटे वाळताना दिसायचे.) आम्ही दोघं बाहेर फुटपाथवर, रहदारीकडे तोंड करून उभे राहिलो आणि तू आत एका बोटाने आकडा दाबत बसलास. किती वेळ लागला रे! मधे एकदा डोकं बाहेर काढून 'एंटर कुठलं?' असं सगळ्या बाजाराला विचारलंस. शेवटी बाहेर आलास तो असा उजळलेला चेहरा घेऊन की जणू तुला कुणी राज्य दिलं आहे. म्हणालास, 'असा टाकलाय, मरेपर्यंत विसरणार नाही.' मग सरांशी फोनवर बोललास. सर म्हणाले, काम पुरं झालं की ही, सरासरी आणि मी, तिघं एका खोलीत असू तेव्हाच सांगा. त्याआधी ही रडली तरी सांगू नका. सगळं तुमच्यावर आहे. आणि तू, ज्याने आयुष्यात कधी कुणाला 'सर' म्हटलं नव्हतं, 'होय सर' म्हणालास.

परतताना मला एकसारखं जुनं आठवत होतं. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत दुपारी शटरच्या भोकातून तू सूर्य आत घ्यायचास. भिंग धरायचास आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा सूर्य यायचा, त्यावर काळे ठिपके. मी विचारायचे, हे काय? तू भिंग पुसायचास. ठिपके जायचे नाहीत. तू पुन्हा पुसायचास. सूर्यावर डाग असतात हे तुला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे मान्य करण्याचा तुझा स्वभाव नव्हता, म्हणून आपण एक अख्खी सुट्टी भिंग पुसण्यात घालवली. संध्याकाळी गच्चीवर नक्षत्रं. इस्त्री, मोडकी खुर्ची, रागावलेली मामी. (ती नेमकी मामीच्या स्वयंपाकघरावर उगवायची, आणि मामी खालून ओरडली की तू म्हणायचास, बघ, उगवली.) यातलं एकही नाव जगाच्या कुठल्या नकाशावर नाही हे मला विद्यापीठाच्या मुलाखतीत कळलं. मुलाखत लांबली आणि तारे उगवले, तेव्हा सरांनी खिडकीतून बोट दाखवून विचारलं, हे कुठलं? मी खणखणीत आवाजात म्हटलं, इस्त्री. बाकीचे हसले. सर उठून खिडकीशी गेले, चांगला वेळ बघत राहिले आणि म्हणाले, आहे खरी. त्या एका वाक्यावर मला प्रवेश मिळाला अशी माझी समजूत आहे. आजही शुक्रवारी मी आधी खरी नावं सांगते, लोक माना डोलवतात. मग इस्त्री दाखवते, आणि पोरं सोडा, बाप्येसुद्धा बोटं वर करून ती शोधायला लागतात. दोन मास्तरांची तक्रार आली आहे की मुलं उत्तरपत्रिकेत मोडकी खुर्ची लिहून येतात. तो प्रभाव ताईच्या रकान्यात कुठे बसतो कोण जाणे.

आणि मामा, सर गेले. तुला फोनवर सांगितलं होतं. ते गेले ते आदल्या शुक्रवारी घुमटाची दोरी ओढून, सगळ्यांना चंद्र दाखवून, घरी जाऊन. त्यांची खोली अजून कुणाला दिलेली नाही. फळ्यावर त्यांचं अर्धं समीकरण आहे, पुसायला कुणी धजत नाही, आणि पुरं करायला तर मुळीच नाही. सकाळी मी त्यांच्या दारावरून जाताना सवयीने खाकरते. मला त्यांची फार आठवण येते. विभागात हे कुणाला सांगता येत नाही, कारण तिथे सगळ्यांचंच तसं आहे आणि एकाने सुरू केलं की कामं होत नाहीत.

आता गंमत बघ. वर्ष संपलं. कार्डं भरली. अहवाल या महिनाअखेर द्यायचा आहे. आणि ज्याच्या पोटात आयुष्यभर काही टिकलं नाही तो तू, एकदम दगड झालास! तिघं एका खोलीत आल्याशिवाय नाही, म्हणतोस. अरे पण तिघं येणार कुठून? सरासरीला म्हटलं, आपणच फोडू. तुझी जन्मतारीख घातली, काही नाही. मामीची घातली, तर एका शुक्रवारी उणे चाळीस माणसं येऊन गेली असं निघालं. तुझ्या पहिल्या स्कूटरच्या नंबराने गर्दी कमी झाली पण समाधान दहापैकी दोनशेवर गेलं. सरासरीला मोह झाला होता. मी त्याच्याकडे सरांसारखं बघितलं, तेव्हा त्याने ते पुसलं. आमच्याकडे एक निवृत्त परिचारिका दर शुक्रवारी येते, स्टुलावर चढते, जे लावलेलं असेल ते बघते, 'आहे अजून' म्हणते आणि निघून जाते. तिचं समाधान सध्या उणे अठरा आहे. हे असलं कागदावर लिहून मी प्रभावताईला कसं देऊ? मूळ कार्डांवरून पुन्हा मोजावं म्हटलं तर ती तळघरात होती आणि तिथे नळ फुटला, त्यांचा लगदा झाला. तेव्हा आता सगळं खरोखरच तुझ्यावर आहे. घुमट गेला तर ती परिचारिका शुक्रवारी कुठे जाईल, आणि खरं सांगायचं तर मी कुठे जाईन, हे मला कळत नाही.

घरात मोठं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, तेव्हा मोठ्यांना नमस्कार तूच ठेवून घे, आणि लहानांना आशीर्वाद वहिनीच्या हस्ते वाटून टाक. तुझा लोभ आहेच. फोन ठेवताना तो जरा कमी पडतो एवढंच.

तुझी,
भाची

ता. क. आकडा परतीच्या टपालाने कळव. पाकिटाच्या बाहेर लिहू नकोस.

ता. क. दुसरा. वरचं राहू दे. मी नीट विचार केला. सर म्हणाले होते तिघं एका खोलीत हवेत. मी आणि सरासरी झालो दोघं. तिसरा तू ये. सरांच्या जागी बसायला मला दुसरं कुणी नको आहे. मामी गेल्यापासून तू दुकानाच्या पायऱ्या सोडून कुठे गेला नाहीस, आणि मी इतकी वर्षं इथे काय करते ते तू एकदाही पाहिलेलं नाहीस. 'मला काय कळतंय त्यातलं' हे कारण आता चालणार नाही. इथे येणाऱ्या कुणालाच कळत नाही.

ता. क. तिसरा. कार्डांचा लगदा झाला हे मी जरा वाढवून लिहिलं. भिजली होती, पण आम्ही ती मोठ्या वर्गातल्या बाकांवर पसरून वर पंखे लावले आणि ती वाळली. विद्यार्थी वाटून घेऊन पुन्हा मोजताहेत, बिनभेसळीची. अहवाल वेळेत जाईल. म्हणजे आकड्याचं तसं काही अडलेलं नाही. ये मात्र.

ता. क. चौथा, आणि हा वहिनीला वाचून दाखवायला सांगू नकोस, तू एकट्याने वाच. मामा, तू आकडा लपवत नाहीस. तो तुला आठवत नाही, असं मला वाटतं आहे. मी विचारलं की फोन ठेवतोस तो वचनासाठी नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आठवत नसेल तर नसू दे. तुला तो मी आता कधीही विचारणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारू देणार नाही. शुक्रवारी मी स्वतः तुला न्यायला येते, तयार राहा, कोट घाल, गच्चीवर वारा असतो. गेल्या दोन फोनवर तू मला आईच्या नावाने हाक मारलीस. मी ओ दिली. पुढेही मारलीस तरी देईन.